सरकारी नोकरीतल्या शास्त्रज्ञाने बोलावं कसं, छापावं कसं

आंब्यावर फुलकिडे वाढले, खाडीत मासे उलटे होऊन काठाला लागले, वादळात माड-पोफळी आडव्या झाल्या, की कोकणात पहिला फोन जवळच्या संशोधन केंद्रावर जातो. दापोली, वेंगुर्ले, भाट्ये, शिरगाव, पनवेल, ठिकाण कुठलंही असो. फोन करणारा बागायतदार असतो, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन असतो, नाहीतर पेपरचा तालुका प्रतिनिधी. पलीकडून उत्तर येतं, "मला बोलायची परवानगी नाही, साहेबांना विचारा." असं उत्तर देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो नियम स्वतः वाचलेला असतो. एकाने दुसऱ्याला सांगितलेला, दुसऱ्याने तिसऱ्याला दटावून सांगितलेला नियम मूळ नियमापेक्षा कितीतरी कडक होऊन बसतो.

मूळ नियम वाचला की कळतं, बंदी खरी आहे आणि तिला हलकं घेऊन चालणार नाही. पण तिची हद्द आपल्याला वाटते त्याहून बरीच लहान आहे. मोजणं, तपासणं आणि आढळलं ते सांगणं हे शास्त्रज्ञाचं रोजचं काम बहुतेक वेळा त्या हद्दीबाहेर पडतं. किनाऱ्यावर नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांसाठी ही वाट क्रमाने लिहितो आहे.

आधी नेमणुकीचं पत्र काढा

आपल्याला कोणते वर्तणूक नियम लागू आहेत हे नेमणुकीच्या आदेशात लिहिलेलं असतं. तिथूनच सुरुवात करा, कारण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दुसरेच नियम लागू असू शकतात.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था, किंवा दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) प्रयोगशाळा असतील, तर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ चालतात. कृषी, मत्स्यव्यवसाय, वन, भूजल अशा राज्याच्या खात्यांत असाल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं आहे आणि आज ते १९८३ च्या महाराष्ट्र कृषी विद्यापीठे अधिनियमाखाली चालतं. तिथल्यांनी अधिनियम, परिनियम आणि विद्यापीठाची स्वतःची परिपत्रकं अशा तिन्ही गोष्टी आस्थापना शाखेतून मागून घ्याव्यात. प्रकल्पावरच्या संशोधन सहायकांनी प्रकल्पाच्या कराराची अट वाचावी. निधी देणारी संस्था बऱ्याचदा प्रकाशनाबद्दल वेगळी अट घालते आणि ती कोणी सांगत नाही.

नियम काय म्हणतो

केंद्राच्या नियमांतले पाच नियम आपल्या कामाचे आहेत. राज्याचे नियमही बऱ्याच अंशी त्याच वळणाचे आहेत.

नियम ८ प्रसारमाध्यमांशी संबंधाचा. वृत्तपत्र किंवा नियतकालिक चालवायचं, त्याच्या संपादनात भाग घ्यायचा, तर आधी मंजुरी हवी. पुस्तक काढणं किंवा माध्यमांत बोलणं यावर मात्र अट एवढीच, की मांडलेली मतं आपली आहेत, शासनाची नाहीत, हे स्पष्ट केलं पाहिजे. राज्याच्या नियमांत लेख आणि आकाशवाणीवरचं भाषण यांना पूर्वमंजुरी लागते, पण ते निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय स्वरूपाचं असेल तर सूट आहे. या सुटीतला "निव्वळ" हा शब्द ध्यानात ठेवा.

नियम ९ टीकेचा. केंद्र किंवा राज्य शासनाच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर, कृतीवर प्रतिकूल टीका ठरेल असं विधान करायचं नाही. नावानिशी नाही, टोपणनावाने नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही नाही. पण याच नियमाला परंतुक आहे: पदाच्या नात्याने किंवा सोपवलेलं काम करताना मांडलेल्या मतांना हा नियम लागू नाही. आपल्यासाठी या साऱ्या नियमावलीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. संशोधन हेच ज्याचं सोपवलेलं काम, त्याने त्या कामाचा निष्कर्ष मांडला तर तो कर्तव्यातच बसतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच प्रकल्पाच्या मंजुरीचा कागद हाताशी ठेवायचा.

नियम १० समित्यांपुढच्या साक्षीचा. शासनाने, संसदेने किंवा विधिमंडळाने नेमलेल्या समितीपुढे साक्ष द्यायला मंजुरी लागत नाही. पर्ससीन जाळ्यांनी होणाऱ्या मासेमारीवरचे निर्बंध ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने आले, ते डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधाराने. जाळ्याच्या आसाचं माप, माशाची लांबी, पकडीची आकडेवारी हे सगळं पेपरच्या बातमीतून नव्हे, तर समितीच्या टेबलावरून धोरणात जातं. समितीचं बोलावणं आलं तर टाळू नका.

नियम ११ माहिती देण्याचा. अनधिकृतपणे कागद बाहेर द्यायचे नाहीत. मात्र माहितीचा अधिकार कायद्याप्रमाणे माहिती देणं हे कर्तव्य असल्याचं हाच नियम सांगतो.

नियम १५ बाहेरच्या कामाचा. अधूनमधून केलेल्या वाङ्मयीन वा शास्त्रीय कामाला पूर्वमंजुरी लागत नाही, पण शासनाने सांगितलं तर ते थांबवावं लागतं.

न्यायालयांचा कल दोन्ही बाजूंनी माहीत असावा. सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलं. फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेल्या कारवाईच्या प्रकरणात त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तेच पुन्हा सांगितलं. उलट १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच वरिष्ठाविरुद्ध जाहीर निवेदन केलेल्या महामंडळाच्या एका कर्मचाऱ्याची बडतर्फी कायम ठेवली होती. हक्क आहे, पण भांडून मिळवायला वर्षं जातात. म्हणून वाक्य लिहितानाच काळजी घेतलेली बरी.

निष्कर्ष, सल्ला आणि शेरा वेगळे करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हस्तलिखित असो, भाषण असो की पेपरला द्यायच्या दोन ओळी, प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने खूण करा. हा निष्कर्ष आहे, सल्ला आहे, की शेरा? निष्कर्ष म्हणजे मोजून आढळलेलं. सल्ला म्हणजे कोणी काय करावं. शेरा म्हणजे कोण चुकलं. अडचणीत येणारी माणसं जवळजवळ नेहमी शेऱ्यामुळे येतात, आणि तो शेरा बहुधा चर्चेच्या भागात शेवटच्या परिच्छेदात बसलेला असतो.

समजा खाडीच्या पाण्यावर काम केलं आहे. मसुद्यात वाक्य आहे: "नियंत्रण यंत्रणेच्या दुर्लक्षामुळे खाडीतली मासळी संपत चालली आहे." या वाक्यात शासनाच्या कृतीवर टीका आहे, म्हणजे नियम ९ दारात उभा. पण मला खटकतं ते दुसरंच. यंत्रणेचं दुर्लक्ष तुम्ही मोजलेलं नाही. मासळी संपत चालली हे सांगायला काही वर्षांची पकडीची आकडेवारी लागते, ती या अभ्यासात नाही. नियम बाजूला ठेवला तरी वाक्य शास्त्र म्हणून लंगडं आहे.

आता तेच असं लिहा: "नाल्याच्या मुखाशी ओहोटीला घेतलेल्या नमुन्यांत विरघळलेला प्राणवायू दर लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली आढळला. मुखापासून समुद्राकडे जाताना तो वाढत गेला. शिंपल्या, मत्स्यशेती आणि मिठागरांसाठी ठरवलेल्या वर्ग १ च्या किनारी पाण्यासाठी केंद्रीय मानक ५ मिलिग्रॅमचं आहे." यात कुणावर बोट नाही, तरी वाचणाऱ्याला जे कळायचं ते सगळं कळतं. शासनाच्याच मानकाशी केलेली तुलना ही टीका आहे असं म्हणायला फार धीर लागेल. पहिलं वाक्य वर्तमानपत्रात दोन दिवस गाजलं असतं. हे वाक्य हरित न्यायाधिकरणापुढच्या फाइलमध्ये लागतं आणि तिथे टिकतं.

मात्र शेरा काढताना निष्कर्ष पातळ करायचा नाही. "काही ठिकाणी काही प्रमाणात फरक दिसून आला" असं गुळमुळीत लिहून स्वतःला वाचवणारे पेपर मी पुष्कळ वाचले आहेत. ज्या कोळणीची टोपली रिकामी आली तिला त्या वाक्याचा काय उपयोग? आकडा द्या, ठिकाण द्या, भरती-ओहोटीची वेळ द्या.

सल्ल्याची गोष्ट निराळी. बागायतदाराला फवारणी सांगताना दोन कुंपणं आहेत. पहिलं, कीटकनाशक अधिनियम १९६८ खालची नोंदणी: त्या औषधाच्या लेबलवर ते पीक आणि ती कीड असली पाहिजे. दुसरं, ॲग्रेस्को, म्हणजे कृषी संशोधनाचा आढावा घेणारी समिती. चारही कृषी विद्यापीठांच्या जॉइंट ॲग्रेस्कोत मान्य झाली, तरच ती विद्यापीठाची शिफारस. तुमच्या प्रयोगात एखाद्या औषधाने फुलकिडे छान आटोक्यात आले असतील, पण चाचण्या पूर्ण नसतील, तर मेळाव्यात "हे मारा" म्हणू नका. "चाचण्या चालू आहेत, आजची मान्य शिफारस अमुक आहे" एवढंच. हा नियम तोंड बंद करणारा नाही. हापूसच्या एका हंगामावर घरातलं वर्षाचं गणित असतं, आणि चुकलेल्या शिफारशीची किंमत शास्त्रज्ञ भरत नाही.

वादळानंतरचं बोलणंही असंच सांभाळायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा सगळ्यांना नुकसानीचा आकडा हवा होता. पंचनामा हे महसूल आणि कृषी खात्याच्या यंत्रणेचं काम. त्यांच्या आधी आकडा सांगितला तर तो चुकतो आणि भरपाईच्या भांडणात वापरला जातो. पण कललेलं झाड उभं करता येईल का, मुळाशी माती कधी लावायची, मोडलेल्या पोफळीच्या जागी सावलीसाठी काय घ्यायचं, हे सांगायला कोणाची परवानगी लागते? विस्तार हेच तुमचं काम आहे.

पेपर पाठवण्याआधी तपासायच्या गोष्टी

पेटंटची शक्यता असेल तर अर्ज आधी, पेपर नंतर. आधीच प्रसिद्ध झालेल्या गोष्टीला नावीन्य उरत नाही. १९७० च्या पेटंट अधिनियमात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अधिसूचित प्रदर्शनं आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले निबंध अशा मोजक्याच प्रसंगांना. परिषदेचा सारांश, पोस्टर, कृषिकोश या ऑनलाइन प्रबंध-भांडारात चढलेला प्रबंध हे सगळं प्रकाशनच. कोकमाच्या सालीवरची नवी प्रक्रिया विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आधीच उघड झाली, की मग काही करता येत नाही.

परदेशी सहलेखक असेल तर जैविक विविधता अधिनियम, २००२ पाहा. भारतातल्या जैविक संसाधनावरचे निष्कर्ष परदेशी व्यक्तीला वा संस्थेला द्यायला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते. शोधनिबंध छापणं किंवा परिषदेत मांडणं, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असेल तर, यात धरत नाहीत. पण कांदळवनातल्या बुरशीचा नमुना कुपीत घालून पाठवणं म्हणजे निबंध छापणं नव्हे.

मासिक कॉपीराइटचा फॉर्म पाठवतं, तो डोळे झाकून सही करू नका. नोकरीच्या कामात तयार झालेल्या लेखनाचा पहिला मालक सहसा नोकरी देणारा असतो, त्यामुळे हक्क देण्याचा अधिकार तुम्हाला आहे का हे विचारून घ्या. मात्र १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचं कलम ५७ लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क तुमच्याकडेच ठेवतं. शेतावर उभं राहून नोंदी घेणाऱ्या मुलीचं नाव गाळून वर भलतंच नाव चढवणं हे कुठल्याच वर्तणूक नियमात बसत नाही.

परवानगीचा अर्ज

तोंडी विचारू नका. तोंडी प्रश्नाला तोंडी "नको" मिळतं आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. योग्य मार्गाने, म्हणजे विभागप्रमुखांमार्फत, एक पानी अर्ज द्या. मजकूर असा असावा:

"विषय: शोधनिबंध प्रकाशनार्थ पाठविण्याबाबत. महोदय, अमुक क्रमांकाच्या मंजूर प्रकल्पांतर्गत केलेल्या कामावर आधारित शोधनिबंध सोबत जोडला आहे. निबंध शास्त्रीय स्वरूपाचा असून त्यात गोपनीय माहिती नाही. पेटंटयोग्य बाब नसल्याची खात्री संबंधित कक्षाकडून करून घेतली आहे. मते लेखकांची असल्याचा उल्लेख पान अमुकवर आहे. अमुक तारखेपर्यंत निबंध पाठवावयाचा असल्याने तत्पूर्वी मंजुरी मिळावी. काही भागास हरकत असल्यास ते वाक्य व संबंधित नियम कळवावा, म्हणजे दुरुस्ती करता येईल."

शेवटच्या वाक्यावर माझा सगळा भर आहे. "पेपर नको" म्हणणं सोपं असतं, "हे वाक्य या नियमाखाली नको" म्हणणं अवघड. पुष्कळ हरकती तिथेच विरघळतात, आणि ज्या उरतात त्या खऱ्या असतात, त्या ऐकाव्यात.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, त्यात आधीच्या आवक क्रमांकाचा उल्लेख. नियमात तसं लिहिलेलं नसेल तर गप्प बसणं म्हणजे मंजुरी, असं गृहीत धरू नका.

पेपरवाल्याचा फोन आला तर

"संध्याकाळपर्यंत लिहून पाठवतो" म्हणा आणि खरोखर पाठवा. दोन-तीन वाक्यं, त्यात आकडा आणि तो कुठल्या अभ्यासातला हे. विधान पदाच्या नात्याने असेल तर प्रमुखांना आणि जनसंपर्क अधिकाऱ्यांना त्याच वेळी प्रत. प्रतिनिधी हमखास विचारतो, "मग सरकार झोपलंय का?" त्याला उत्तर एकच: "माझं काम मोजण्याचं आहे, मोजलं ते दिलं आहे." आकाशवाणी रत्नागिरीवर किंवा सिंधुदुर्गावर बोलवलं तर संहिता आधी लिहून द्या. शेतकरी ती ऐकतात, आणि लिहिलेलं भाषण नंतर कोणी मोडून-तोडून सांगू शकत नाही.

व्हॉट्सॲपच्या बागायतदार ग्रुपला खाजगी समजू नका. राज्य शासनाच्या २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करायला मनाई केली आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, वैयक्तिक खात्यावर शासकीय बोधचिन्ह, वाहन, इमारत दाखवायची नाही आणि गोपनीय कागद चढवायचे नाहीत. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तो लागू आहे. कीड ओळखून देणं, मान्य शिफारशीचा फोटो टाकणं खुशाल करा. कुणी प्रकल्पाविरुद्ध वा प्रकल्पाच्या बाजूने मजकूर टाकला तर त्यावर अंगठा उठवण्याआधी विचार करा.

अहवाल दाबून ठेवला तर

तो स्वतः बाहेर काढू नका. वाट आहे, आणि ती आपल्याच डोंगरांवरून गेलेली आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा त्यात स्वतंत्र विचार होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो जाहीर केला नाही. एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात मागितला, केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तो उघड करायला सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१२ मध्ये तिथेही हरलं. त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. शासनाने निर्णय घेतलेला नाही म्हणून तज्ज्ञांचा अहवालच लोकांपासून झाकून ठेवता येत नाही, हे त्यातून ठरलं. माहिती अधिकाराचं कलम २२ तर १९२३ च्या कार्यालयीन गुपिते अधिनियमाच्याही वर चालतं.

म्हणून तुमचं काम एवढंच की अहवाल पूर्ण करून, सही-तारखेसह, रीतसर दाखल करायचा. दाखल झालेला कागद नागरिकाला मागता येतो. टेबलाच्या खणात राहिलेला मसुदा कोणालाच मागता येत नाही. आकडे बदलायला सांगितले तर ते तोंडी ऐकून घ्या आणि त्याच दिवशी पत्राने विचारा: "आज झालेल्या चर्चेनुसार तक्त्यात बदल सुचवला आहे, त्याचा शास्त्रीय आधार कळवावा." भ्रष्टाचाराचाच मामला असेल, तर केंद्राच्या संस्थांसाठी २००४ च्या ठरावाप्रमाणे केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवलं जातं. राज्यात लोकायुक्त आहेत. २०१४ चा जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा मंजूर झाला असला तरी अंमलात आणलेला नाही, त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नका.

नोटीस आलीच तर

आधी पाहा, ज्ञापन आहे की कारणे दाखवा नोटीस, आणि त्यात कोणता नियम लिहिला आहे. नियम लिहिलेला नसेल तर तो विचारणारं पत्र हेच पहिलं उत्तर. मुदत संपू देऊ नका, लागली तर लेखी वाढवून मागा. उत्तरात माफीही नको आणि भाषणही नको. प्रकल्पाची मंजुरी, अर्जाची पोच, मतं लेखकांची असल्याचं वाक्य, पदाच्या नात्याने केलेल्या विधानाचं परंतुक, याच क्रमाने चार परिच्छेद लिहा. केंद्राच्या सेवेत शिक्षेविरुद्ध अपील ४५ दिवसांत करावं लागतं. त्यापुढे केंद्राच्या संस्थांना कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), राज्य शासनाच्या सेवेतल्यांना मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण). विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना बहुधा उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात, मुंबई गाठावी लागत नाही. वकिलाकडे जाताना आपण दिलेल्या अर्जांच्या आणि आपल्याला आलेल्या पत्रांच्या प्रती तारखेने लावून न्या.